सिंगल सीट बसवा, पण मागे कोणाला बसवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शहर वाहतूक शाखेने बदल केलेल्या दुचाकींविरुद्ध उघडलेल्या मोहिमेची बातमी आपल्या दैनिकात नुकतीच वाचनात आली. फटाके फोडल्यासारखा आवाज काढणारे सायलेन्सर, समोरच्याचे डोळे दिपवणारे जादा दिवे आणि ४१४१ या आकड्यांतून ‘दादा’ उमटवणाऱ्या नंबरप्लेट यांच्यावर कारवाई झाली, हे योग्यच झाले. मात्र त्याच बातमीत, त्याच ओळीत, ‘मागची सीट काढून सिंगल सीट बसवलेल्या बुलेट’ असाही उल्लेख होता. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आणि एकट्याने बसण्याची सीट यांना एकाच पंगतीला बसवणे मला पटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबेल, कारण विषय नटबोल्टचा आहे आणि तो दोन ओळींत आटोपणारा नाही.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनचे, म्हणजे लोखंडी जोडकामाचे, छोटे वर्कशॉप चालवतो. कॅरिअर, लेगगार्ड, बॅगांचे स्टँड अशी दुचाकीची कामेही माझ्याकडे येतात. त्यामुळे या विषयात माझा स्वार्थ आहे असे कोणाला वाटले तर त्याने ते खुशाल म्हणावे. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की या पत्रातल्या निम्म्या गोष्टी माझ्यासारख्या कारागिरांच्या गल्ल्याला जड जाणाऱ्या आहेत.

सायलेन्सरचा विषय आधी बाजूला करतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या कडक मर्यादा पाळणाऱ्या) गाड्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्टच्या मार्गातच असतो, आणि तिथला ऑक्सिजन सेन्सर इंजिनाला पेट्रोल कमी-जास्त करण्याची सूचना देत असतो. सायलेन्सरचा हा मूळ नळा काढून त्याजागी पोकळ नळा बसवला की आवाज, धूर आणि इंजिनाची तब्येत ही तिन्ही एकदम बिघडतात. १७५ सीसीवरील मोटारसायकलींना आवाजाची ८० डेसिबलची मर्यादा आहे आणि असा नळा ती सहज ओलांडतो. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोलर फिरवतात तेव्हा मला जराही वाईट वाटत नाही.

सीटचे तसे नाही. रॉयल एनफिल्डने २००९ साली क्लासिक बाजारात आणली, तेव्हापासूनच तिची चालकाची सीट आणि मागची सीट वेगवेगळी आहे. सुरुवातीच्या गाड्यांत चालकाच्या सीटखाली दोन स्प्रिंगा असत आणि मागची सीट पान्याने सोडवून घरात ठेवता येत असे. म्हणजे गाडी एकट्याची करण्याची सोय खुद्द कारखान्यानेच दिली होती. जावा कंपनीची २०१९ साली विक्रीला आलेली पेराक ही गाडी तर मुळातच एका सीटची आहे आणि २०२२ मध्ये त्याच घराण्यातली ४२ बॉबरही तशीच आली. अलीकडे, नोव्हेंबर २०२४ मध्ये, गोव्यात वागातोर येथे रॉयल एनफिल्डने गोअन क्लासिक ३५० सादर केली. साध्या क्लासिकची सीट जमिनीपासून ८०५ मिलिमीटरवर असते, हिची ७५० मिलिमीटरवर आहे आणि मागची सीट काढून ठेवता येते. उंचीने कमी असलेल्या चालकाचे दोन्ही पाय जमिनीवर टेकणे हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही, हे महाद्वार रोडच्या गर्दीत पावणेदोनशे-दोनशे किलोची गाडी सावरणाऱ्या कोणालाही पटेल.

स्प्रिंगच्या सीटचा इतिहासही थोडा सांगण्यासारखा आहे, कारण हल्लीच्या पोरांना ती सीट केवळ ‘रेट्रो’ म्हणून हवी असते. दुसऱ्या महायुद्धात लष्करी निरोप पोहोचवणाऱ्या बीएसए एम-२० सारख्या इंग्लिश मोटारसायकलींना मागच्या बाजूला शॉकअॅब्सॉर्बरच नव्हते. मागचे चाक सरळ फ्रेमला जखडलेले असे आणि रस्त्याचे सगळे दणके चालकाच्या पाठीला बसत. ते सोसण्यासाठी खोगिराखाली जाड स्प्रिंगा दिल्या जात. आजच्या गाडीला मागे दोन चांगले शॉकअॅब्सॉर्बर असतात. त्यावर पुन्हा स्प्रिंगची सीट बसवली की खड्ड्यातून गेल्यावर गाडी एका लयीत हलते आणि सीट दुसऱ्या. रंकाळ्याभोवती संध्याकाळी फेरी मारणाऱ्याला याचे काही वाटत नाही. पण गगनबावड्याच्या घाटात वळणावर सीट खालीवर होऊ लागली की हँडलवरची पकड ढिली पडते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी सांगतो की घ्यायचीच असेल तर कडक स्प्रिंगेची घ्या किंवा साध्या फोमची, बिनस्प्रिंगेची एकट्याची सीट घ्या. फार थोडे जण ऐकतात, हा भाग वेगळा.

आता कायद्याकडे वळतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला आणि वाहनाच्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही असे स्पष्ट केले. त्याच निकालात, रचनेला धक्का न लावणाऱ्या किरकोळ जोडण्यांना जागाही ठेवली आहे. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले आणि नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द ध्यानात घेण्यासारखे आहेत. चौकात थांबवलेल्या गाडीवरच्या चार जोडण्या कोणी चार गुन्हे म्हणून मोजायच्या ठरवल्या, तर ती दुचाकी विकून दंड भरावा लागेल.

प्रश्न असा की बोल्ट सोडवून मागची सीट घरी ठेवली, तर तो रचनेतला बदल झाला का? प्रमाणपत्रावर आसनक्षमता दोन लिहिलेली असते आणि गाडीवर प्रत्यक्षात एकच आसन असते, एवढ्यावर बोट ठेवणारे अधिकारी मला भेटले आहेत. मागची सीट डिकीत का ठेवली नाही असे विचारणारेही भेटले आहेत, जणू बुलेटला डिकी असते. याउलट, सीटकडे ढुंकूनही न पाहता फक्त कागद तपासून सोडणारेही भेटले. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर, एकाच गाडीला तीन वेगवेगळे न्याय मिळत असतील, तर दोष सीटचा नसून तिच्याविषयी स्पष्ट सूचना नसण्याचा आहे.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर सरकारनेच दुसऱ्या एका ठिकाणी देऊन ठेवले आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२० मध्ये दुचाकीवर हलक्या वजनाची पेटी बसवण्यास परवानगी देताना तिची लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१० मिलिमीटर आणि उंची ५०० मिलिमीटर अशी मर्यादा घातली. ही पेटी मागच्या माणसाच्या जागेवर बसवली असेल तर गाडीवर फक्त चालकाने बसावे आणि ती त्या जागेच्याही मागे बसवली असेल तर दुसऱ्या व्यक्तीला बसता येईल, असेही त्यात आहे. घरोघरी खाणे पोहोचवणाऱ्या मुलांच्या गाड्या आपण रोज पाहतो, त्या याच तरतुदीवर धावतात. याचा सरळ अर्थ असा की दोन आसनांची म्हणून नोंदलेली गाडी एकट्याने वापरण्यासाठी बदलली जाऊ शकते, फक्त मग तिच्यावर दुसरा माणूस बसता कामा नये. जे पेटीला लागू आहे ते रिकाम्या मडगार्डला का लागू नसावे, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही.

आणि येथेच खऱ्या धोक्याचा मुद्दा येतो. त्याबाबत मी पोलिसांच्याही एक पाऊल पुढे जाऊन कडक आहे. आपल्याकडे सिंगल सीट बसवली जाते, पण गाडी मात्र सिंगल होत नाही. मागची सीट जाते, मागचे फूटरेस्ट तसेच राहतात. मडगार्डवर सामानासाठी म्हणून लोखंडी कॅरिअर येते आणि आठवड्याभरात त्या कॅरिअरवर गोणपाटाची घडी किंवा घरातली उशी बांधून त्यावर बायकोला, बहिणीला, नाहीतर कॉलेजच्या मित्राला बसवले जाते. हे कॅरिअर तीन-चार किलोची पिशवी धरण्यासाठी असते. साठ किलोचा माणूस स्पीडब्रेकरवर उडून पुन्हा त्यावर आदळला की त्याच्या वेल्डिंगवर काय बेतते, हे तुटून माझ्याकडे आलेल्या कॅरिअरच्या ढिगाकडे पाहून कळते. कायद्याचे कलम १२८ स्पष्ट आहे: चालकाखेरीज एकच व्यक्ती, आणि तीही चालकामागे पक्क्या बसवलेल्या योग्य आसनावरच. कॅरिअर हे आसन नव्हे. या कलमाच्या भंगाला एक हजार रुपये दंड आहे आणि तीन महिने परवाना रद्द राहण्याची तरतूद आहे. पोलिसांनी सिंगल सीटच्या गाडीवर दुसरा माणूस दिसताच हे कलम लावावे, माझी काहीही हरकत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ तर अधिकच नेमका आहे. मागे माणूस बसवण्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरण्यासाठी कायमची मूठ, पाय ठेवण्यासाठी फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षक आवरण, म्हणजे आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते, असलेच पाहिजे. सिंगल सीट बसवताना ‘लूक बिघडतो’ म्हणून सर्वांत आधी बळी जातो तो या साडीगार्डचा. पुढे कधीतरी लग्नाला जायचे म्हणून मागची सीट घाईघाईने परत बसवली जाते, पण साडीगार्ड माळ्यावरच राहते. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी फिरत्या आऱ्यांत जायला एक क्षणही लागत नाही. मागची सीट असलेली पण साडीगार्ड नसलेली बुलेट ही सिंगल सीटच्या बुलेटपेक्षा कितीतरी अधिक घातक आहे आणि तिच्यावर मात्र मोहिमेच्या बातमीत एक शब्दही नव्हता.

लहान मुलांचेही तसेच. मागे जागा नाही म्हणून तीन-साडेतीन वर्षांच्या पोराला टाकीवर बसवून शाळेत सोडणारे बाप रोज सकाळी दिसतात. चार वर्षांखालील मुलांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून चालकाला बांधायचा सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा लागू आहे. हा पट्टा मूल चालकाला नीट बांधले जावे म्हणून आहे. टाकीवर बसून हँडलची मूठ धरणारे मूल त्या पट्ट्यात कधी येणार? ज्या घरात एकच दुचाकी आहे आणि तिच्यावर संसार चालतो, त्या घराने सिंगल सीटच्या भानगडीत पडूच नये, हे माझे स्वच्छ मत आहे.

अदलाबदलीचा मुद्दा मला विशेष जवळचा वाटतो. नवी अॅक्सेसरी महाग पडते, म्हणून हल्ली मालक आपसांत वस्तू बदलून घेतात. एकाचा लेगगार्ड दुसऱ्याला, दुसऱ्याचे आरसे तिसऱ्याला. यात वाईट काही नाही. उलट चांगली वस्तू भंगारात जाण्याऐवजी वापरात राहते. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला असे सुटे भाग वर्षानुवर्षे फिरत आले आहेत. पण फिरणारी वस्तू कोणत्या गाडीची आहे हे पाहिले जात नाही. क्लासिकचेच पाहा. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या नव्या क्लासिकची फ्रेम जुन्या गाडीपेक्षा संपूर्ण वेगळी आहे. नाव तेच, टाकीचा आकार लांबून तोच, पण जुन्या गाडीच्या सीटचे बोल्ट नव्या गाडीच्या भोकांवर येत नाहीत. मग ‘दोन भोके नवी पाडतो’ किंवा ‘एक पट्टी वेल्ड करतो’ असा उपाय निघतो. येथे कारागिराने हात आखडता घेतला पाहिजे, कारण फ्रेमला भोक पाडले किंवा वेल्डिंगची आच लावली की सीटची हौस रचनेतल्या बदलात जाऊन पोहोचते आणि मग कलम ५२ समोर कोणतीही सबब टिकत नाही. नव्या गाड्यांत ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) आणि एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) नाजूक वायरिंग असते, ती जळण्याचा धोका वेगळाच.

काही दिवसांपूर्वी माझ्या वर्कशॉपमध्ये अशी एक अदलाबदल झाली. कागलकडचे एक शिक्षक आणि बियाण्यांच्या कंपनीत फिरतीची नोकरी करणारा एक तरुण, दोघांकडेही जुन्या बनावटीची क्लासिक. शिक्षकांनी गाडी जुनी घेतली होती आणि तिला आधीच्या मालकाने स्प्रिंगची सीट बसवलेली होती. आता लग्न झाल्यामुळे त्यांना मागची सीट हवी होती. तरुणाला नमुन्यांची पेटी बांधायला मागची जागा मोकळी हवी होती. दोघांचे जमले. शिक्षकांच्या गाडीची सीट सोडवून उचलली, तर डाव्या स्प्रिंगच्या बुडाखालून टेललॅम्पची वायर गेलेली दिसली. सीट बसवणाऱ्याने वायर बाजूला सरकवून क्लिपमध्ये बसवण्याचे कष्ट घेतले नव्हते. प्रत्येक खड्ड्यात स्प्रिंग तिच्यावर दाबली जात होती. वायर चपटी होऊन वरचे आवरण झिजले होते आणि आतले तांबे नखभर उघडे पडले होते. ते तांबे मडगार्डच्या पत्र्याला लागले असते तर फ्यूज उडाला असता आणि रात्रीच्या वेळी मागून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला किंवा ट्रकला पुढे गाडी आहे हे कळलेही नसते. शिक्षकांना याची काहीच कल्पना नव्हती, असण्याचे कारणही नव्हते.

एकट्याची सीट नीट बसवणे हे फार कौशल्याचे काम नाही, पण ते काळजीचे काम आहे. पुढच्या टोकाचा बोल्ट हा सीटचा बिजागर असतो. तिथे बुश, म्हणजे बोल्टभोवतीची छोटी नळी, हवाच, नाहीतर बोल्ट भोकात खेळून भोक अंडाकृती होते. स्प्रिंगेच्या बुडाखाली रबराची चकती, वर नायलॉकचे नट, म्हणजे थरथराटाने ते ढिले पडत नाहीत. सीट पूर्ण दबली असता स्प्रिंगची कडी मडगार्डला, बॅटरीच्या झाकणाला किंवा कोणत्याही वायरीला लागत नाही ना, हे माणूस बसवून पाहायचे असते, हाताने दाबून ते कळत नाही. शंभरेक किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासायचे. आणि एक गोष्ट जवळजवळ कोणीच करत नाही: मागच्या शॉकअॅब्सॉर्बरचा प्रीलोड, म्हणजे त्याच्या स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब, कमी करणे. दोघांच्या वजनासाठी वरच्या खाचेवर ठेवलेले स्प्रिंग एकट्या माणसाला दगडासारखे लागते, मग तो सीटला दोष देतो आणि आणखी मऊ सीट शोधत बाजारात फिरतो. सी आकाराच्या पान्याने दोन मिनिटांत होणारे हे काम आहे. कातड्याच्या सीटविषयीही जाता जाता सांगतो. कोल्हापुरात कातड्याची सीट शोभते खरी, पण आपल्या पावसाळ्यात शिवणीतून पाणी आत शिरते, फोम ते धरून ठेवतो आणि आठ-आठ दिवस ओल्या सीटवर बसण्याची वेळ येते. रेक्झिन घ्या आणि वर कव्हर टाका.

सीट बदलली की माणूस तिथेच थांबत नाही. पाठोपाठ मडगार्ड कापले जाते, ज्याचा चिखल मागून येणाऱ्या बिचाऱ्या स्कूटरवालीच्या तोंडावर उडतो. नंबरप्लेट आणि टेललॅम्प त्याच मडगार्डवर असल्यामुळे तेही कुठेतरी चाकाजवळ तिरके लटकतात. मूळ इंडिकेटर जाऊन छोटे एलईडी येतात. त्यांना वीज कमी लागत असल्यामुळे इंडिकेटर उघडमीट करवणाऱ्या जुन्या फ्लॅशरला बल्ब गेला असे वाटते आणि ते दुप्पट वेगाने उघडमीट करू लागतात. त्यासाठी फ्लॅशरचा रिले बदलायचा असतो, पण तेवढ्यासाठी कोण थांबतो? हँडल उंच किंवा रुंद बसवले जाते आणि पुढच्या ब्रेकचा होजपाइप मात्र जुनाच राहतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तो पाइप ताणला जात नाही ना हे न पाहता गाडी ताब्यात देणारा कारागीर माझ्या धंद्यातला असला तरी त्याची बाजू मी घेणार नाही. आणि साडीगार्ड काढलेल्या बाजूला कॅनव्हासची बॅग लटकवणे तर निव्वळ संकटाला आमंत्रण आहे, कारण बॅगेला चाकापासून दूर ठेवणारी तीच एक जाळी होती.

विम्याचा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. वेगळी बसवलेली महागडी सामग्री पॉलिसीत नोंदवून जादा हप्ता भरल्याशिवाय तिचे नुकसान भरून मिळत नाही. मोठा बदल कळवला नसेल तर अपघातानंतर कंपनीचा सर्वेक्षक तोच मुद्दा पुढे करतो. सिंगल सीटवर बसवलेल्या दुसऱ्या माणसाला दुखापत झाल्यावर हा वाद कुठवर जाईल, याचा विचार कॅरिअरवर उशी बांधण्याआधी केलेला बरा.

या सगळ्यावरून माझ्या मागण्या मोजक्याच आहेत. पहिली परिवहन आयुक्त कार्यालयाकडे आहे. बोल्टने बसणाऱ्या आणि बोल्टनेच निघणाऱ्या कोणत्या अॅक्सेसरीज चालतील आणि कोणत्या चालणार नाहीत, याची साध्या मराठीत, चित्रांसह यादी काढावी आणि ती आरटीओ कार्यालयांत तसेच वाहतूक शाखेच्या प्रत्येक चौकीत लावावी, म्हणजे अंमलदाराला आणि चालकाला एकच उत्तर मिळेल. त्या यादीत सिंगल सीटला स्पष्ट जागा द्यावी आणि अट एकच घालावी: मागचे फूटरेस्टही काढलेले असावेत आणि चालकामागे बसता येईल असे काहीही नसावे. म्हणजे चौकातल्या हवालदाराला कायद्याचे पुस्तक उघडावे लागणार नाही, मागचे फूटरेस्ट आहेत की नाहीत एवढे पाहिले की पुरे. ज्याला कायमचे एकट्याने चालवायचे आहे त्याला प्रमाणपत्रावर आसनक्षमता एक अशी नोंद करून घेण्याची सोपी, कमी शुल्काची पद्धत ठेवावी.

दुसरी मागणी माझ्याच व्यवसायबंधूंकडे. सीट हा सुटा माल म्हणून विकू नका, संच म्हणून हाताळा. मागची सीट काढताना तिच्यासोबत फूटरेस्ट, मूठ आणि साडीगार्ड एकाच पोत्यात बांधून, बोल्टसह, मालकाच्या हाती द्या. परत बसवताना त्यातला एक जिन्नस कमी असला तरी मागची सीट बसवू नका. अदलाबदल करणाऱ्यांनीही संचाचीच अदलाबदल करावी. वरच्या शिक्षकांना सीट मिळाली, पण साडीगार्ड त्या तरुणाच्या गावी राहिले होते. ते एसटीने येईपर्यंत मी त्यांच्या गाडीला मागची सीट लावली नाही. ते थोडे नाराज होऊन स्प्रिंगच्या सीटवरूनच परत गेले आणि त्यांची पत्नी बसने गेली.

जुनी गाडी विकणाऱ्यांनीही हेच पाळले तर पुष्कळ वाद मिटतील. मालकी हस्तांतराचे २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज भरताना मूळ सीट, मूळ सायलेन्सर, मूळ आरसे दिले की नाही हे कुठेच विचारले जात नाही. म्हणून खरेदी-विक्रीच्या साध्या पावतीवर तरी मूळ भागांची यादी लिहून दोघांनी सह्या कराव्यात. खरेदीदाराने पैसे मोजण्याआधी मागची सीट कुठे आहे एवढे विचारावे. ‘आहे कुठेतरी, नंतर देतो’ असे उत्तर आले तर तो संच नव्याने घ्यायला जेवढे पैसे लागतील तेवढे किमतीतून वजा करावेत.

आपल्या दैनिकाने मोहिमेची बातमी ठळकपणे दिली, त्याच ठळकपणे ही मागणीही संबंधितांपर्यंत पोहोचवावी, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर